बिबट्याचं वय कसं ओळखतात? आणि ते कळणं का महत्त्वाचं आहे?

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात बैलाची किंमत ठरवण्याआधी त्याचे दात पाहिले जातात. दुधाचे दात असतील तर 'आदत', दोन पक्के दात आले की 'दुसा', चार आले की 'चौसा' आणि सगळे आले की 'जुळलेला'. याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या उसात राहणाऱ्या बिबट्याचं वयही शास्त्रज्ञ दातांवरूनच ओळखतात.

फरक इतकाच, की बिबट्याचे पक्के दात पहिल्या वर्षातच येतात. त्यानंतर पाहायची ती झीज. तरुण बिबट्याचे सुळे पांढरे आणि टोकदार असतात. वय वाढतं तसे ते पिवळे पडतात, झिजतात, कधी तुटतात आणि हिरड्याही मागे सरकतात. हे तपासता येतं ते बिबट्या बेशुद्ध केलेला असतानाच. त्यातूनही नेमकं वय कळत नाही, अंदाज येतो.

दुसरा मार्ग कॅमेरा ट्रॅपचा. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. त्यामुळे तोच बिबट्या किती वर्षं दिसतोय, याची नोंद ठेवता येते.

बिबट्याचं आयुष्य कसं असतं?

मादी साधारण अडीच-तीन वर्षांची झाली की पिल्लं देऊ लागते. गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा असतो आणि एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं होतात. ती दीड ते दोन वर्षं आईसोबत राहतात, मग स्वतःचा इलाका शोधायला बाहेर पडतात. जंगलात बिबट्या साधारण 10 ते 12 वर्षं जगतो. पिंजऱ्यात तो 20 वर्षांपर्यंतही जगू शकतो.

उसात बिबटे खरंच राहतात का?

की वाट चुकून येतात? वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात याचा शोध घेतला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, दाट लोकवस्तीच्या या शेतीपट्ट्यात दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे होते. इथल्या माद्या शेतातच पिल्लं वाढवत होत्या. म्हणजे हे बिबटे पाहुणे नव्हते, रहिवासी होते. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता.

'आजोबा' कोण होता?

2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक नर बिबट्या विहिरीत पडला. वयस्क आणि शांत दिसणाऱ्या या बिबट्याला अत्रेय यांच्या टीमने 'आजोबा' नाव दिलं. जीपीएस कॉलर लावून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आलं. तिथून महिन्याभरात तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने हायवे, रेल्वेमार्ग आणि खाडी ओलांडली, पण कुणावरही हल्ला केला नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये घोडबंदर रोड परिसरात वाहनाच्या धडकेत तो मेला. त्याची ओळख पटली ती मायक्रोचिपमुळे. 2014 साली त्याच्यावर 'आजोबा' हा मराठी सिनेमाही आला.

मग वयाचा संबंध कुठे येतो?

गावात बिबट्या दिसला की मागणी होते, 'पकडून लांब सोडा'. पण जुन्या बिबट्याला हलवलं की इलाका रिकामा होतो आणि तिथे दुसरा, बहुतेकदा तरुण बिबट्या येतो. हलवलेला बिबट्याही अनोळखी मुलखात भटकतो. जुन्नर परिसरात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले, असं अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 च्या शोधनिबंधात दाखवलं.

पिल्लांच्या बाबतीतही हेच. ऊसतोडणीत सापडलेलं बछडं बहुतेक वेळा पोरकं नसतं. त्याची आई जवळपासच असते. म्हणून वनविभाग पिल्लं त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतो. पिल्लू घरी आणलं, तर आईपासून शिकायची दोन वर्षं हुकतात आणि बहुधा उरतं ते पिंजऱ्यातलं आयुष्य.

त्यामुळे उसात पिल्लं दिसली तर हात लावू नका, गर्दी करू नका, सेल्फी तर नकोच. लांब व्हा आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.