अनुदान, शिक्षक आणि संघटित आवाज : सीमाभागातून एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

निपाणी शहराच्या वेशीलाच महाराष्ट्राची हद्द लागते. देवचंद महाविद्यालय निपाणीकरांचे म्हणून ओळखले जाते. परंतु ते उभे आहे अर्जुननगर येथे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात. त्यामुळे एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाचा पगार मुंबईच्या तिजोरीतून आणि दुसऱ्याचा बेंगळूरच्या तिजोरीतून यावा, याचे येथे कोणाला नवल वाटत नाही. अनुदानाची चिंता मात्र दोघांच्याही घरी सारखीच असते. शिक्षकांनी मोर्चा काढला, बहिष्कार पुकारला, की आमच्यापैकी पुष्कळ पाळकांच्या कपाळाला आठी पडते. गुरुजींनी राजकारणात पडावे काय, असा प्रश्न विचारला जातो. हा प्रश्न विचारण्यापूर्वी या राजकारणात प्रथम कोण पडले, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर यांनी १८२० साली बेळगावात कार्यास आरंभ केला. १८३२ साली तेथे इंग्रजी शाळा निघाली. पुढे ती बेनन स्मिथ या नावाने प्रसिद्धीस आली. १९०४ साली हे सारे क्षेत्र अमेरिकन मेथॉडिस्ट मंडळीकडे सोपविण्यात आले. आरंभीची मिशनकार्ये परदेशातील भाविकांच्या वर्गणीवर चालत. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने चित्र पालटले. खाजगी शाळांना सरकारी तपासणीच्या अटीवर आर्थिक साहाय्य मिळू लागले आणि 'ग्रँट' हा शब्द मराठी शाळेच्या बोलीत कायमचा येऊन बसला. त्या दिवसापासून मिशन ही केवळ धर्मसंस्था राहिली नाही. ती सरकारची भागीदार झाली आणि शिक्षकाची धनीही झाली. खेडेगावी दिवसा शाळा व सायंकाळी धर्मशिक्षण देणाऱ्या मास्तराला याचा अर्थ चांगला कळत होता, कारण तपासनीस नाराज झाला तर झळ त्याच्याच वेतनाला लागे.

खलित्यात सरकारने उच्च शिक्षणसंस्थांतून हळूहळू अंग काढून घ्यावे, असेही सुचविले होते. ते घडत नाही हे पाहून मिशनांच्या हितचिंतकांनी १८७८ साली इंग्लंडात 'जनरल कौन्सिल ऑफ एज्युकेशन इन इंडिया' ही संस्था काढली. रेव्हरंड जेम्स जॉन्स्टन तिचे चिटणीस होते. व्हाइसरॉय म्हणून निघालेल्या लॉर्ड रिपन यांच्याकडे या मंडळींनी आपले गाऱ्हाणे नेले, आणि १८८२ च्या हंटर आयोगाच्या नेमणुकीमागे या खटपटीचा मोठा वाटा होता. म्हणजे शाळांच्या पैशासाठी संघटित होऊन सत्तेच्या दारी जाण्याचा धडा येथे गिरविणाऱ्यांत आमचे पूर्वसूरी मागे नव्हते. सरकारी महाविद्यालयांवरील पैसा वाचला तर तो प्राथमिक शिक्षणाकडे वळेल, असे ते म्हणत; त्याबरोबर मिशन-महाविद्यालयांचेही हित साधणार होते, हे ते तितक्या मोठ्याने म्हणत नसत.

त्याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि तेथे काही काळ त्यांनी शिकविलेही होते. शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी कर घ्यावयाचा आणि त्याच्या मुलांच्या शाळेवर मात्र खर्च करावयाचा नाही, हा अन्याय त्यांनी स्पष्ट मांडला. प्राथमिक शिक्षकाला दरमहा निदान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये मिळावेत, असे त्यांचे मागणे होते. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे : सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घ्यावे या कल्पनेला त्यांनी विरोध केला. सरकार दूर झाले की शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि धर्माबाबतची तटस्थताही धोक्यात येईल, असे त्यांचे मत पडले. मिशनरी शिक्षणाचे ऋण मान्य करणाऱ्या या माणसाने मिशनच्या धोरणातील उणीव हेरली होती. जॉन्स्टन आणि फुले या दोघांत बहुजनांच्या मुलाचे हित कोणी अधिक पाहिले, याविषयी आम्हांला शंका वाटत नाही.

आयोगाने प्राथमिक शिक्षणाला अग्रस्थान देण्याची शिफारस केली, पण त्याचा भार स्थानिक मंडळे व नगरपालिका यांच्यावर टाकला. त्यांची तिजोरी ती केवढी! १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. खर्चाचा प्रश्न त्यातील मोठा अडसर होता. गोखलेही मूळचे शिक्षकच. शेजारच्या कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ पासून सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचे पाऊल उचलले.

स्वातंत्र्यानंतर शिक्षकाच्या हाती मत आले. संविधानाच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे विधानपरिषदेच्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडावयाच्या असतात. बेळगाव, विजापूर व बागलकोट मिळून कर्नाटकाचा वायव्य शिक्षक मतदारसंघ होतो. परंतु हा अधिकार माध्यमिक व त्यावरील शाळांतील शिक्षकांपुरताच आहे. प्राथमिक शाळेचे गुरुजी, ज्यांच्यासाठी फुले १२ रुपये मागत होते, ते या यादीत नाहीत. त्यांना बोलावयाचे तर रस्त्यावरच यावे लागते.

१९५७ साली केरळात जोसेफ मुंडश्शेरी या शिक्षणमंत्र्यांनी, जे स्वतः कॅथलिक प्राध्यापक होते, अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन सरकारने थेट द्यावे अशी तरतूद असलेले विधेयक आणले. चर्चने त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले आणि १९५९ साली ते मंत्रिमंडळ बरखास्त झाले. व्यवस्थापनाच्या स्वातंत्र्याची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. तथापि शिक्षकाचा पगार पूर्ण व वेळेवर त्याच्या हाती पडावा, या साध्या गोष्टीवर आमचे धर्मगुरू तेव्हा थोडेच बोलले.

महाराष्ट्रात १४ डिसेंबर १९७७ पासून सरकारी कर्मचारी व शिक्षक यांचा ५४ दिवसांचा संप झाला. र. ग. कर्णिक हे त्याचे प्रमुख नेते होते आणि केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही मुख्य मागणी होती. वार्षिक परीक्षा तोंडावर असताना शाळा ओस पडल्या. मुलांचे नुकसान झाले हे नाकारता येणार नाही, आणि ज्या शिक्षकांनी उधारीवर घर चालविले त्यांचे हालही नाकारता येणार नाहीत. संप मिटला तेव्हा मागणी पदरात पडली नव्हती. ती पुढे पुलोद सरकारच्या काळात मान्य झाली.

पुढची कपात संपाइतकी ठळक नव्हती. ती एका शब्दातून आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या तत्त्वावर मान्यता देण्याचे ठरविले. शाळा निघाल्या, शिक्षक लागले, आणि वर्षानुवर्षे विनावेतन वा नाममात्र मानधनावर राबले. त्यांच्या सततच्या आंदोलनामुळे २००९ साली 'कायम' हा शब्द वगळण्यात आला. एक शब्द पुसण्यास आठ वर्षे लागली. त्यानंतरही अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी उतरू लागले, आणि जाहीर झालेल्या टप्प्यासाठी पैशाची तरतूद व्हावी म्हणून जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना पुन्हा आझाद मैदानावर बसावे लागले.

बेळगावच्या मराठी शिक्षकाची अडचण याहून अवघड आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. अशा भूमीत मराठी शाळेच्या शिक्षकाने रिक्त जागा भरा, अनुदान द्या, असे म्हटले की ती मागणी पगाराची न राहता सीमावादाची ठरते. कन्नड शाळेतील सहकारी, ज्याची मागणी अक्षरशः तीच असते, तोही मग त्याच्या शेजारी उभा राहण्यास कचरतो. अनुच्छेद ३० अन्वये अनुदान देताना राज्याने भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याकांच्या संस्थेशी भेदभाव करावयाचा नाही. अनुच्छेद ३५०-क मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी करण्यास सांगतो. ख्रिस्ती शाळा आणि मराठी शाळा एकाच कलमाच्या छायेत आहेत, ही गोष्ट आमच्या शाळासमित्यांच्या बैठकांत क्वचितच निघते.

या भागातील आमच्या मंडळ्यांत शिक्षक आहेत आणि शाळांचे व्यवस्थापकही आहेत. उपासनेला ते एकाच बाकावर बसतात. शिक्षकाचे निवेदन सहीसाठी प्रथम येते ते याच व्यवस्थापकाच्या टेबलावर, आणि तो व्यवस्थापक पुष्कळदा पाळकच असतो.