मिलोची लाल भाकरी आणि तुरुंगाचा शिधा: कुटुंबाच्या ताटाची तुलना कशाशी झाली?

१/
१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील रेशन दुकानांवर लालसर रंगाची एक ज्वारी आली. लोक तिला ‘मिलो’ म्हणू लागले. ती अमेरिकेतून आलेली होती आणि तिकडे तिचा मुख्य उपयोग गुरे आणि कोंबड्या पोसण्यासाठी होत असे. लातूर, नांदेड, बीडच्या चुलींवर तिच्याच भाकरी थापल्या गेल्या. एका देशातील पशुखाद्य दुसऱ्या देशातील कुटुंबाचे जेवण ठरले.

२/
वेगवेगळ्या देशांतील कुटुंबे काय खातात आणि त्यावर किती खर्च करतात, याची तुलना करणारे तक्ते आज सहज पाहायला मिळतात. मात्र या तुलनेला दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे. त्यातील मोठा भाग महाराष्ट्रात घडला. भारतीय कुटुंबाचे ताट मोजताना ते कोणाच्या ताटाशेजारी ठेवायचे, हा त्यातील कळीचा प्रश्न होता.

३/
पहिली अडचण नाण्यांची. लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तेथे ‘हाली’ रुपया चाले. शेजारची बार्शी इंग्रजी मुलखात, तेथे ‘कलदार’. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोहोचली आणि व्यापार वाढला, तसा हा हिशेब अडत्यांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग झाला. शेजारच्या दोन गावांतील बाजारहाट ताडून पाहतानाही आधी नाणे बदलून घ्यावे लागे. मग दोन देशांतील कुटुंबांची तुलना करायची कशी?

४/
याचे एक उत्तर १८५७ मध्ये जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी दिले. त्यांनी बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. मदतीवर जगणारी कुटुंबे आपल्या खर्चातील सुमारे ७१ टक्के रक्कम अन्नावर घालत होती. गरीब, पण स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण ६७ टक्के होते, तर बऱ्या स्थितीतील कुटुंबांत ६२ टक्के. कुटुंब जितके गरीब, तितका अन्नाचा वाटा मोठा. हा ‘एंगेलचा नियम’. वाट्याला नाणे बदलून घ्यावे लागत नाही. हाली असो, कलदार असो की फ्रँक, टक्का टक्काच राहतो.

५/
भारतात ही मोजणी राजकारणाचे हत्यार बनली. दादाभाई नौरोजी यांनी १८७० च्या दशकात हिशेब मांडला की, हिंदुस्थानातील माणसामागे वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये आहे. हा आकडा त्यांनी विलायतेतील कुटुंबाशेजारी ठेवला नाही. त्यांनी तो तुरुंगातील कैद्याशेजारी ठेवला. सरकार एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर वर्षाला जे खर्च करते, तेवढेही स्वतंत्र रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी सरकारच्याच अहवालांतून दाखवून दिले.

६/
त्याच सुमारास, १८७६-७८ मध्ये, दख्खन आणि दक्षिण भारतावर भीषण दुष्काळ कोसळला. मदतकामांवरील खर्च कमी करण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे सुटे पैसे, इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. त्यावर माती वाहायची आणि खडी फोडायची. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून या मजुरीचा निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

७/
या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि पुढे प्रांतोप्रांती ‘फॅमिन कोड’ तयार झाले. माणूस जिवंत राहून काम करू शकेल, एवढे धान्य किती, याचे उत्तर त्यांत नियम म्हणून लिहिले गेले. अशा रीतीने सरकारी दप्तरात दोन ताटे तयार झाली: एक दुष्काळी मजुराचे, दुसरे कैद्याचे.

८/
या दोन ताटांशेजारी तिसरे ताट आले ते मुंबईच्या कामगाराचे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये अडीच हजारांच्या आसपास कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले आणि फिंडले शिरास यांनी १९२३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. अन्नावरील खर्चाचा वाटा सुमारे ५७ टक्के निघाला. त्याहून महत्त्वाचा ठरला तो एक निष्कर्ष: गिरणगावातील कामगार फॅमिन कोडने ठरवलेल्या कमाल मर्यादेइतके धान्य खातो, परंतु मुंबईच्या जेल मॅन्युअलमधील शिध्यापेक्षा कमी खातो.

९/
हा निष्कर्ष सरकारी अहवालातला आहे, हे लक्षात घ्यावे. ज्यांच्या श्रमावर शहराची कापडगिरणी चाले, त्यांचे जेवण दुष्काळी मजुराच्या बरोबरीचे आणि कैद्याहून उणे होते. दादाभाईंनी सुमारे अर्धशतकापूर्वी केलेली तुलना सरकारच्या स्वतःच्या पाहणीतून पुन्हा समोर आली.

१०/
स्वातंत्र्यानंतर तुलनेचे क्षेत्र जगभर विस्तारले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे रोममधील संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९५० आणि १९६० च्या दशकांत जगात किती लोक उपाशी आहेत, या प्रश्नाचे गणित मांडणाऱ्यांत हा मराठी माणूस अग्रभागी होता.

११/
याच काळात अमेरिकेत मॉली ओर्शान्स्की यांनी दारिद्र्याची रेषा आखली. १९५५ च्या पाहणीनुसार अमेरिकी कुटुंब उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करत असे. म्हणून त्यांनी काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढून त्याला तिनाने गुणले. जेवणाच्या दुप्पट रक्कम घरभाडे, कपडे, औषधे आणि शिक्षण यांना लागेल, हे या गुणाकारात गृहीतच होते.

१२/
पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारताची रेषा मांडली. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील अशा राहणीसाठी, १९६०-६१ च्या किमतींनुसार, खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. या रेषेखाली ग्रामीण भारतातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक होते. अमेरिकेची रेषा जेवणाच्या तिप्पट होती. भारताची रेषा जेवणापासून फार दूर सरकूच शकत नव्हती.

१३/
त्याचे कारण १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दिसते. ग्रामीण भारतातील कुटुंबे तेव्हा एकूण खर्चापैकी सुमारे ७३ टक्के अन्नावर घालत होती. त्याच वर्षांत अमेरिकी कुटुंबाचा हा वाटा एक पंचमांशाच्या आसपास होता. आता अन्नाचे भाव दीडपट झाले असे धरू. अमेरिकी कुटुंबाचे शंभरातील २० चे ३० होतील. सहल रद्द होईल. भारतीय कुटुंबाचे ७३ चे जवळपास ११० होतील. म्हणजे सगळे शंभर रुपये खर्चूनही पूर्वीचे जेवण मिळणार नाही.

१४/
नेमके हेच मराठवाड्यात घडले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता. पिके गेली, धान्य महागले, मजुरी आटली. महाराष्ट्रात १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडीफोड. तेथे मिळणारी सुकडी आणि रेशनची मिलो यांवर घरे तगली. मात्र १८७७ आणि १९७३ मध्ये एक फरक होता. कामाची मागणी आता हक्काच्या भाषेत होत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिचाच आधार मिळाला.

१५/
मोजणीवरचा वाद मात्र मिटला नाही. रोमहून परतलेल्या सुखात्मे यांचे म्हणणे असे की, निरोगी माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी धरणे चूक आहे. दांडेकरांना हे मान्य नव्हते. १९८० च्या दशकाच्या आरंभी हा वाद रंगला. वरवर तो कॅलरींचा वाद होता. मात्र भुकेल्यांच्या यादीत कोट्यवधी माणसे ठेवायची की वगळायची, हे त्यावर ठरणार होते.

१६/
आज ताट बदलले आहे. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के आहे, त्यात तृणधान्यांचा केवळ ५ टक्के. स्वस्त आणि मोफत रेशनचाही यात भाग आहे. दूध, भाज्या यांना जागा मिळाली, आणि तयार पदार्थ व पेयांवरील खर्च तर सर्वांत पुढे गेला. एंगेलच्या नियमानुसार ही सुधारणाच आहे. तरीही बेल्जियमच्या त्या कुटुंबांपासून आपण किती पुढे आलो आणि किती उरलो, हे या आकड्यात एकत्रच दिसते.

१७/
लातूरच्या शिवारात खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ते विकायचे पीक. घरात त्याची भाकरी होत नाही. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता, तर त्या हंगामातील गव्हाचा २,२७५ रुपये. एकेकाळी गव्हाची पोळी सणाला आणि ज्वारीची भाकरी रोज, असा रिवाज होता. आता गहू रेशनवर मिळतो आणि ज्वारी बाजारातून विकत आणावी लागते.

१८/
जुन्या पिढीतील माणसे घरात असतील तर त्यांना मिलोची चव जरूर विचारावी. परंतु त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: आठवड्याच्या बाजारातून धान्य आणल्यावर हातात किती उरत असे, आणि ते कशाला पुरत असे? दादाभाई, शिरास आणि दांडेकर-रथ यांनी ज्या वाट्याचा हिशेब मांडला, त्याचे उत्तर कदाचित त्या घराच्या आठवणीत अजून शिल्लक असेल.