दगडांतील उत्तर दिशा

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे बखरी, ताम्रपट आणि शिलालेख येतात. पाचगणीच्या टेबललँडवर जांभ्याच्या खाली असलेला काळा दगड हेही तसेच एक साधन आहे, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. तो रस निवताना त्यातील लोहयुक्त कणांनी त्या वेळची चुंबकीय उत्तर दिशा धरून ठेवली. 1950 नंतर लंडनच्या व मुंबईच्या संशोधकांनी दख्खनच्या दगडांचे नमुने तपासले. पुढे महाबळेश्वरच्या परिसरात खालच्या थरांत ही दिशा उलटी, तर वरच्या थरांत आजच्यासारखी आढळली. पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांतून तिचे चुंबकत्व उपजते. ते प्रवाह पालटले, आणि ध्रुवांची अदलाबदल झाली.

माणसाची नोंदवही त्या मानाने कालची. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय वेध 1841 पासून घेतले गेले. विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुया विचलित होणार, म्हणून 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. दोन वर्षे दोन्हीकडे वेध घेऊन नोंदींची साखळी अखंड राखली.

वेधशाळा हलवूनही नोंद टिकली. दगडाचे तसे नाही. जागेवर खूण न करता तो फोडून हलविला की त्यातील चुंबकत्व राहते, पण त्याची उत्तर कोणती हे सांगता येत नाही. म्हणून आपल्या डोंगरांचे कडे जागच्या जागी राखणे, हे दप्तर राखण्याइतकेच आपले कर्तव्य आहे.