पडद्यावरचा गोल्फ : जोर कमी, लय अधिक

गोल्फचे व्हिडिओगेम नव्याने खेळणाऱ्यांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. पहिला फटका दूरवर जातो, दुसरा झाडीत शिरतो आणि ग्रीनवर पोहोचल्यावर चेंडू होलभोवती प्रदक्षिणा घालत राहतो. चार-आठ दिवसांत उत्साह मावळतो आणि खेळ कपाटात जाऊन पडतो. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. खेळाडू जोर लावण्याच्या मागे असतो, खेळ मात्र त्याची लय आणि अंतराचा अंदाज तपासत असतो. या दोन्ही गोष्टी सरावाने साध्य होण्याजोग्या आहेत.

स्विंगच्या दोन पद्धती

पहिली पद्धत तीन वेळा बटण दाबण्याची. निन्टेंडोच्या १९८४ सालच्या ‘गोल्फ’ या खेळाने ती रूढ केली. या खेळाचे प्रोग्रॅमिंग सातोरू इवाता यांनी केले होते. हेच इवाता पुढे २००२ मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. पहिल्यांदा बटण दाबताच पट्टीवरील खूण सरकू लागते, दुसऱ्यांदा दाबल्यावर फटक्याची ताकद ठरते आणि तिसऱ्यांदा अचूकता. १९९७ चा ‘एव्हरीबडीज गोल्फ’ आणि १९९९ चा ‘मारिओ गोल्फ’ हे खेळही याच वाटेने गेले.

दुसऱ्या पद्धतीत कंट्रोलरवरील स्टिक मागे ओढून पुढे ढकलायची असते. ‘टायगर वुड्स पीजीए टूर’ या मालिकेने २००० नंतरच्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. वुड्स यांचे नाव असलेला त्या मालिकेतील अखेरचा खेळ २०१३ मध्ये आला. पुढे ‘पीजीए टूर २के२१’ (२०२०) आणि ‘पीजीए टूर २के२३’ (२०२२) या खेळांतही स्टिकचा स्विंग हाच मुख्य राहिला.

लय कशी साधावी?

स्टिकच्या पद्धतीत दोन गोष्टी पाहिल्या जातात. स्टिक सरळ रेषेत पुढे गेली का, आणि पुढे येण्याचा वेग योग्य होता का. ‘२के’ मालिकेत उजव्या हाताने खेळणाऱ्याचा स्विंग घाईने झाल्यास चेंडू डावीकडे वळतो, रेंगाळल्यास उजवीकडे. त्यामुळे चेंडू सतत एकाच बाजूला जात असेल तर निशाणा बदलण्याऐवजी आधी वेग तपासावा. स्टिक तिरकी जात असेल तर कंट्रोलर मांडीवर वा टेबलावर स्थिर टेकवावा आणि अंगठ्याचे टोक न वापरता पेराने स्टिक हलवावी.

लयीसाठी मनातल्या मनात मोजणे हा सर्वांत सोपा उपाय होय. अमेरिकेतील जॉन नोवोसेल यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती तपासून असे मांडले, की स्टिक, म्हणजे प्रत्यक्षातील क्लब, मागे नेण्यास लागणारा वेळ आणि खाली आणण्यास लागणारा वेळ यांचे प्रमाण साधारण ३ : १ असते. प्रत्येक व्हिडिओगेम हेच प्रमाण पाळतो असे नाही. पण ‘एक-दोन-तीन’ म्हणत मागे आणि ‘चार’ला पुढे, हा ठेका पाया म्हणून उत्तम ठरतो. तबल्याच्या साथीला बसलेला वादक जसा समेची वाट पाहतो, तशी ‘चार’ची वाट पाहावी. तीन बटणांच्या पद्धतीतही सरकत्या खुणेचा नुसता पाठलाग करण्यापेक्षा ठेका धरणे अधिक विश्वासार्ह असते.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात घ्यावी. आजचे दूरचित्रवाणी संच चित्र सुधारण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतात. त्यामुळे बटण दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांत किंचित विलंब होतो. संचातील ‘गेम मोड’ सुरू केल्यास तो बराच कमी होतो. अनेकांचा बिघडलेला ठेका केवळ एवढ्याने सुधारतो.

अंतराचे गणित

पडद्यावर दिसणारे अंतर हे सपाट जमिनीचे असते. लक्ष्य उंचावर असेल तर चेंडू अलीकडे पडतो, खोलात असेल तर पुढे जातो. एक यार्ड म्हणजे तीन फूट. त्यामुळे दर तीन फूट चढाला एक यार्ड वाढवावा आणि उताराला तेवढाच कमी करावा, हा ढोबळ हिशेब आरंभी पुरतो. होल १५० यार्डांवर आणि १२ फूट उंचावर असेल, तर १५४ यार्डांचा फटका धरावा. समोरून येणारा वारा जितके अंतर खातो, तितके पाठीमागून वाहणारा वारा मिळवून देत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. दोन क्लबांमध्ये मन अडखळत असेल तर मोठा क्लब घेऊन सावकाश मारावे. पूर्ण ताकदीच्या फटक्यात चूक झाली तर तिचा दंडही मोठा असतो.

ग्रीनवरची परीक्षा

पार ७२ च्या कोर्सवर प्रत्येक होलसाठी दोन पट गृहीत धरलेले असतात. म्हणजेच ७२ पैकी ३६ फटके ग्रीनवरचे. तरीही सराव मात्र लांब फटक्यांचाच केला जातो.

पटिंगमध्ये दिशा आधी ठरवण्याची सवय मोडावी. आधी वेग ठरवावा, कारण चेंडू किती वळेल हे वेगावर अवलंबून असते. चेंडू जसजसा मंदावतो तसतसा उतार त्याला अधिक ओढतो. म्हणून होलच्या जवळचे शेवटचे चार-पाच फूट सर्वांत बारकाईने पाहावेत. ग्रीनवरील जाळीत सरकणारे ठिपके जितके वेगाने धावतात तितका तेथील उतार तीव्र समजावा.

होलचा व्यास ४.२५ इंच असतो, पण वेगाने येणाऱ्या चेंडूसाठी तो जणू आकुंचन पावतो; कडेला लागलेला वेगवान चेंडू बाहेर फेकला जातो. पटिंगचे अभ्यासक डेव्ह पेल्झ यांच्या मते, हुकल्यास होलच्या पुढे सुमारे १७ इंच जाईल, एवढा वेग उत्तम. वीस फुटांपलीकडून चेंडू होलमध्ये घालण्याचा अट्टाहास धरू नये. होलभोवती तीन फुटांचे वर्तुळ कल्पावे आणि त्यात चेंडू थांबवावा. तीन पट टळले की धावफलक आपोआप सुधारतो.

सराव कसा करावा?

रोज अठरा होल खेळण्याची गरज नाही. सरावाच्या मैदानावर एकच क्लब घेऊन वीस फटके मारावेत आणि चेंडू कोणत्या बाजूला जातो ते कागदावर टिपावे. नंतर १०, २० आणि ३० फुटांवरून प्रत्येकी दहा पट मारावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. निशाणा, क्लब आणि ठेका एकदम बदलल्यास नेमका फरक कशाने पडला ते कळत नाही.

पटची वाट दाखवणाऱ्या किंवा चुकीचा स्विंग सावरून घेणाऱ्या सोयी आरंभी अवश्य वापराव्यात. हात बसल्यावर मात्र त्या एकेक करून बंद कराव्यात. त्यानंतर काही दिवस गुण घसरतील. त्यामुळे खचून जाऊ नये; आपले खरे कसब किती, हे त्या दिवसांतच कळते.