धान्यातील जलांश

धान्यातील जलांश म्हणजे दाण्याच्या एकूण वजनात पाण्याचे असलेले शेकडा प्रमाण. बाजारात त्यास ‘ओलावा’ किंवा ‘मॉइश्चर’ म्हणतात. एकदा वाळवलेले धान्य कायम तेवढेच कोरडे राहते, हा समज बरोबर नाही. दाणा जलशोषी असल्याने तो भोवतालच्या हवेला पाणी देतो किंवा तिच्याकडून घेतो.

समतोल जलांश

हवेचे तापमान व सापेक्ष आर्द्रता स्थिर राहिल्यास दाण्याचा जलांशही काही काळाने एका पातळीवर स्थिरावतो. त्यास समतोल जलांश म्हणतात. 25° से. तापमान व 70 टक्के सापेक्ष आर्द्रता असताना तो गव्हात सुमारे 14 टक्के, तर सोयाबीनमध्ये सुमारे 12 टक्के असतो. सोयाबीनमध्ये वजनाच्या सुमारे 20 टक्के तेल असते आणि तेल पाणी शोषत नाही, हे या फरकाचे कारण होय. त्यामुळे गव्हाला चालणारा 13 टक्के जलांश सोयाबीनला दीर्घकाळ मानवत नाही.

वाळवण

वाळताना प्रथम पृष्ठभागावरील पाणी उडते. आतील पाणी बाहेर येण्यास वेळ लागतो. उष्णता फार दिल्यास साल आकसते व गाभा ओलाच राहतो. सोयाबीनची साल अशा वेळी तडकते आणि बियाण्याची उगवणशक्ती घटते. भाताचे उलटेही होते: वाळलेल्या दाण्यावर दव किंवा पाऊस पडला की बाहेरचा थर फुगतो, दाण्यास चिरा जातात आणि भरडताना कणी वाढते.

साठवण

साठवलेला दाणा सजीव असतो. त्याच्या श्वसनातून पाणी व उष्णता निर्माण होतात. जलांश अधिक असल्यास श्वसन वाढते आणि रास आतून तापू लागते. दाण्यांमधील हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 70 टक्क्यांच्या वर गेल्यास बुरशी वाढते. मोठ्या कोठारात तापमानातील फरकामुळेही ओलावा जागा बदलतो. हिवाळ्यात मधली उबदार हवा वर चढून वरच्या थंड थरात पाणी सोडते, म्हणून सरासरी जलांश योग्य असलेली रासही वरून कुजू शकते.

उन्हाळ्यात भरलेला गहू पावसाळ्यात हवेतील ओलावा घेऊन वजनाने वाढतो. शेणामातीने लिंपलेली कणगी बाहेरील हवेचा शिरकाव कमी करी. जमिनीखालच्या बंद पेवात तर दाणे व किडी यांच्या श्वसनाने प्राणवायूच घटे. मात्र पेवात पाणी झिरपल्यास सारे धान्य जाई.

खरेदी-विक्री

15 टक्के जलांशाच्या 100 किलो सोयाबीनमध्ये 85 किलो कोरडा भाग असतो. तो 12 टक्क्यांपर्यंत वाळवल्यास वजन 97 किलो न राहता 85 ÷ 0.88, म्हणजे सुमारे 96.6 किलो भरते. हमीभाव खरेदीसाठी सोयाबीनच्या जलांशाची मर्यादा 12 टक्के आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ती त्या खरीप हंगामापुरती 15 टक्के केली. खरेदी केंद्रावरील मापक दाण्याच्या विद्युत गुणधर्मांवरून जलांश ठरवतो. त्यामुळे गरम किंवा केवळ वरून भिजलेल्या धान्याचे मापन चुकू शकते. प्रयोगशाळेत नमुना भट्टीत वाळवून वजनातील घट मोजतात.