मिशनरी कुटुंबाच्या पक्षीयाद्या : कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं देणं

पीएचडीला नोंदणी केल्यावर पर्यावरण किंवा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर एक प्रश्न हमखास येतो. आज आपल्या भागात जे पक्षी दिसतात ते दीडशे वर्षांपूर्वी होते का? ताजा डेटा आपण गोळा करू शकतो, पण जुना कुठून आणायचा? आमच्या ब्राह्मणपुरीसारख्या, शहादा तालुक्यातल्या गावाचा तेव्हाचा कुठला डेटा असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण जुना डेटा असतो. फक्त तो आपण शोधतो त्या कपाटात नसतो. आज अशाच एका कपाटाची ओळख करून घेऊ : परदेशातून इथे सेवेला आलेलं मिशनरी कुटुंब.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ पासून अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) हे त्यांचं मोठं केंद्र झालं. सुरुवातीचा इतिहास दुःखाचाच आहे. सॅम्युअल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट मुंबईला पोहोचण्याआधीच, १८१२ मध्ये, मॉरिशसला वारली. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये कॉलऱ्याने गेले. परदेशात सेवा करणं म्हणजे काय किंमत मोजणं होतं, हे यावरून कळतं.

याच मिशनमध्ये १८४६ साली सॅम्युअल बेकन फेअरबँक आपल्या पत्नीसह आले. पहिली पत्नी अॅबी काही वर्षांतच वारली. पुढे १८५६ मध्ये त्यांनी नगरचेच मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांची मुलगी मेरी हिच्याशी लग्न केलं. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला त्यांनी बराच काळ काम केलं आणि १८९८ मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे जवळपास पन्नास वर्षांचा हा संबंध. मुलगा हेन्री याच मिशनच्या कामात आला. मुलगी केटी हिचं लग्न रॉबर्ट अॅलन ह्यूम या मिशनऱ्याशी झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. फेअरबँक धर्मप्रचारासाठी आले होते, पण त्यांना पक्षी, गोगलगाई आणि शिंपले यांचा नाद होता. त्यांनी जमवलेले नमुने ब्लॅनफर्डसारख्या शास्त्रज्ञांकडे गेले. १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी दक्षिणेतल्या पलनी डोंगरातल्या एका पक्ष्याला त्यांच्यावरून 'फेअरबँकी' असं नाव दिलं. १८७६ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात त्यांची पक्ष्यांची यादी छापून आली. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातले सह्याद्रीतले पक्षी, शिवाय नगरजवळचे दख्खनच्या पठारावरचे, अशी तिची व्याप्ती आहे. ज्या संस्थेने त्यांना पाठवलं तिला ही यादी नको होती, आणि ज्या गावात ते राहिले त्या गावानेही ती मागितली नव्हती. तरी आज संशोधकाच्या हातात पडते ती हीच. यालाच मी अनपेक्षित वरदान म्हणतो.

इथे एक सावधगिरी. 'स्ट्रे फेदर्स' चालवणारे ह्यूम म्हणजे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, सरकारी अधिकारी, पुढे काँग्रेसच्या स्थापनेतले. फेअरबँक यांचे जावई ह्यूम वेगळे, ते मुंबईत जन्मलेले मिशनरी. आडनाव सारखं दिसलं की दोघांना एक समजू नका. कागदपत्रं वाचताना अशा गल्लतीने अख्खा युक्तिवाद कोसळतो.

पण यादी हाती आली म्हणजे लगेच आकडेमोड सुरू करायची का? नाही. आधी त्या कुटुंबाचं वेळापत्रक समजून घ्यायचं. उन्हाळ्यात मिशनरी कुटुंबं नगरच्या झळांपासून महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी जात. मग डोंगरातल्या नोंदी जास्त करून उन्हाळ्यातल्या आहेत का, हे तपासायला हवं. तसं असेल तर हिवाळी पाहुणे पक्षी यादीत नसणं म्हणजे ते डोंगरात नव्हते, असा अर्थ निघत नाही. याला आपण सॅम्पलिंग बायस म्हणतो. इथे तो बायस यंत्रातून येत नाही, घरातल्या आजारपणातून, मुलाबाळांच्या काळजीतून आणि सुट्टीतून येतो. म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही कुटुंबाचा इतिहास वाचावा लागतो. आणखी एक उणीव अशी की त्या काळच्या याद्यांत पक्षी आणून देणाऱ्या, स्थानिक नावं सांगणाऱ्या गावकऱ्यांची नावं सहसा नसतात.

आता हे सगळं आपल्या नंदुरबारला लावून बघू. आपल्याकडची जुनी यादी मिशनऱ्याची नाही, जे. डेव्हिडसन या सरकारी अधिकाऱ्याची आहे. 'पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची कच्ची यादी' या अर्थाच्या शीर्षकाने तीही 'स्ट्रे फेदर्स'मध्येच १८८२ साली आली. डेव्हिडसन यांनी इथून रानपिंगळ्याचे नमुने मिळवले होते. पुढे हा पक्षी दिसेनासा झाला. मधल्या काळात मेनर्ट्झहागन या संग्राहकाने डेव्हिडसन यांचा एक नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर '१९१४, मांडवी, गुजरात' अशी खोटी चिठ्ठी लावली. त्यामुळे शोध भलतीकडेच चालला. खरे नमुने कुठले हे नीट तपासल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा पुन्हा सापडला. कुठे? आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. शंभरहून अधिक वर्षांनी.

बघा, एका प्रामाणिक चिठ्ठीची किंमत किती आणि एका खोट्या चिठ्ठीचं नुकसान किती! फेअरबँक असोत की डेव्हिडसन, त्यांनी पक्षी कुठे मिळाला हे लिहून ठेवलं म्हणून आज आपण प्रश्न विचारू शकतो. दोघांत फरकही आहे. अधिकारी दौऱ्यावर फिरतो आणि बदली झाली की जातो. मिशनरी कुटुंब एका मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहतं. एकाकडून विस्तार मिळतो, दुसऱ्याकडून सातत्य.

तेव्हा विषय निवडताना तीन गोष्टी करा. आपल्या जिल्ह्यात कुठलं मिशन, कुठला दवाखाना, कुठली शाळा होती ते शोधा. तिथल्या लोकांनी मुख्य कामाबाहेर काय लिहून ठेवलं ते बघा : पाऊस, आजार, झाडं, शब्द. आणि त्या नोंदी वापरण्याआधी ती माणसं वर्षभर कुठे असायची, याचा एक तक्ता करा. तिसरं काम कंटाळवाणं आहे, पण व्हायवामध्ये पहिला प्रश्न त्यावरच येतो. आणि हो, तुमच्या स्वतःच्या फील्ड नोटबुकमध्ये जागा, तारीख आणि सोबत असलेल्या गावकऱ्याचं नाव आजपासूनच लिहा. दीडशे वर्षांनी कुणाला त्यातलं काय उपयोगी पडेल, हे आत्ता सांगता येत नाही.