आयर्लंडची भरभराट आणि बांधकामाची ओढाताण

देशाच्या अर्थव्यवस्थेचे भवितव्य चांगले दिसू लागले, की बांधकाम उद्योगालाही बरे दिवस येतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सिमेंट, पोलाद आणि गृहकर्जे यांची सारी गणिते याच गृहीतकावर मांडली जातात. आयर्लंडने गेल्या पाव शतकात हे गृहीतक दोन वेळा अडचणीत आणले. पहिल्या वेळी बांधकामालाच प्रगती समजले गेले आणि दोन्ही एकदमच कोसळले. दुसऱ्या वेळी अर्थव्यवस्था सावरली, जोमाने वाढलीही. बांधकाम उद्योग मात्र मागेच राहिला.

१९९० च्या दशकात अमेरिकी संगणक व औषध कंपन्यांनी आयर्लंडमध्ये कारखाने उभारले. निर्यात वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी परदेशी जाणाऱ्या या देशात माणसे परतू लागली. 'केल्टिक टायगर' हे बिरुद त्याच काळातले आणि ते अनाठायी नव्हते. मात्र २००१ नंतर वाढीचा भार निर्यातीवरून घरबांधणीवर सरकला. १९९९ मध्ये युरो स्वीकारल्यामुळे व्याजदर ठरविण्याचा अधिकार डब्लिनहून फ्रँकफर्टला गेला होता. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून २००३ ते डिसेंबर २००५ या काळात मूळ व्याजदर २ टक्क्यांवर ठेवला. मंदावलेल्या जर्मनीला तो मानवणारा होता. आधीच तापलेल्या आयर्लंडमध्ये त्याने आगीत तेल ओतले. आयरिश बँकांनी परदेशी बाजारांतून स्वस्त पैसा उचलला आणि बिल्डर व ग्राहक या दोघांनाही सढळ हाताने वाटला. सरकारनेही करसवलतींची खैरात केली. १९९८ मध्ये शॅनन नदीच्या वरच्या खोऱ्यातील लीट्रिम, लाँगफर्ड यांसारख्या विरळ वस्तीच्या भागांसाठी सुरू झालेली सवलत योजना हे त्याचे ठळक उदाहरण. मागणी कुठे आहे यापेक्षा कर कुठे वाचतो, हे पाहून तेथे वसाहती उभ्या राहिल्या.

२००६ साली अवघ्या ४२ लाख लोकसंख्येच्या या देशात ९० हजारांच्या आसपास घरे बांधून झाली. लोकसंख्येने चौदापट मोठ्या असलेल्या ब्रिटनमध्ये तेव्हा वर्षाला दोन-सव्वादोन लाख घरे होत होती. आयर्लंडमधील दर आठ नोकरदारांपैकी एक जण थेट बांधकामात होता. सरकारी तिजोरीही मुद्रांक शुल्क आणि मालमत्ता व्यवहारांवरील करांच्या जिवावर शिलकीत दिसत होती. त्याच वर्षीच्या जनगणनेत अडीच लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. इशारा समोर होता, पण दर महिन्याला किमती वाढत असताना तो वाचण्याची कोणाला फुरसत नव्हती.

२००७ मध्ये किमती उतरू लागल्या आणि सप्टेंबर २००८ च्या अखेरीस बँकांची देणी निभावण्याची सरसकट हमी सरकारला द्यावी लागली. बिल्डरांना सर्वाधिक कर्जे देणाऱ्यांत गणल्या जाणाऱ्या अँग्लो आयरिश बँकेचे जानेवारी २००९ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. बँका वाचविण्यासाठी एकूण सुमारे ६४ अब्ज युरो खर्ची पडले. नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्ज युरोच्या मदत योजनेसाठी युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. घरांच्या किमती सर्वोच्च पातळीवरून जवळजवळ निम्म्यावर आल्या. २०१० च्या सरकारी पाहणीत २,८०० हून अधिक अर्धवट वसाहती आढळल्या. लोक त्यांना 'भुतांच्या वसाहती' म्हणू लागले. रस्ते आहेत पण दिवे नाहीत, घरे आहेत पण सांडपाण्याची सोय नाही, अशी अनेक ठिकाणी अवस्था होती.

मालमत्तेची बुडीत कर्जे उचलण्यासाठी स्थापन झालेल्या 'नामा' या सरकारी संस्थेने ७४ अब्ज युरोची कर्जे सुमारे ३२ अब्जांना विकत घेतली. पुढे ती विकून 'नामा'ने स्वतःचे सारे कर्ज फेडले आणि वर शिल्लकही राखली. हिशेबाच्या दृष्टीने हे यशच. पण बांधकाम उद्योगाची जी मोडतोड झाली होती, ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नव्हती. बिल्डर दिवाळखोरीत गेले. २००४ नंतर पोलंड आणि बाल्टिक देशांतून आलेले कामगार परतले. आयरिश गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला गेले. हाताखाली शिकणारी नवी मुले या धंद्याकडे फिरकेनाशी झाली. २०१३ मध्ये देशभरात पाच हजारही नवी घरे पूर्ण झाली नाहीत. गंमत म्हणजे हेही उशिरा कळले. रिकाम्या घराला पुन्हा जोडलेली वीजही नव्या घराच्या खात्यात धरली जात असल्याने आधीचे आकडे फुगलेले होते. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१८ मध्ये ते दुरुस्त केले.

दरम्यान अर्थव्यवस्थेचे आकडे मात्र डोळे दिपवू लागले. २०१५ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले! बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले बौद्धिक संपदा हक्क कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलविल्याचा तो परिणाम होता. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी त्याची 'लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स' अशी थट्टा केली. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांतील खोडकर बुटका. अखेर २०१७ पासून आयर्लंडने स्वतःसाठी वेगळे, सुधारित राष्ट्रीय उत्पन्न मोजण्यास सुरुवात केली. २०२५ च्या प्रारंभीही अमेरिकी आयातशुल्काच्या धास्तीने औषधे घाईघाईने रवाना झाली आणि उत्पादनाचा आकडा उसळला. अशा वाढीने नोकऱ्या व करमहसूल येतो, हे खरे; पण त्यातून गवंडी तयार होत नाहीत.

माणसे मात्र येत राहिली. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ५१ लाखांच्या पुढे गेली. बिगर-युरोपीय नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यांत अलीकडच्या वर्षांत भारतीयांचा वाटा सर्वांत मोठा आहे. डब्लिनमध्ये उतरल्यावर पगारापेक्षा भाड्याची चिंता त्यांनाही आधी भेडसावते. २०११ नंतरच्या सुमारे बारा वर्षांत घरभाडी दुपटीवर गेली. मूळ मालवण तालुक्यातील वराड गावच्या घराण्यातील लिओ वराडकर २०१७ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा मराठी वाचकांना त्याचे मोठे कौतुक वाटले होते. अर्थव्यवस्था तेजीत असूनही २०२० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची पिछेहाट झाली. घरांचा तुटवडा हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

सरकारी गृहनिर्माण आयोगाने २०२४ च्या अहवालात २०२२ मधील तूट दोन लाखांहून अधिक घरांची असल्याचे म्हटले. त्याच वर्षी ४० हजारांच्या आसपास घरे पूर्ण होतील, असे सरकार सांगत होते. प्रत्यक्षात झाली ३० हजारांच्या थोडी वर. पैशाची अडचण म्हणावी तर अॅपल कंपनीकडील कराचे १४ अब्ज युरो युरोपीय न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने तिजोरीत आले. अडते आहे ते कामगार, परवानग्या आणि पाण्या-सांडपाण्यापाशी. उत्तर डब्लिनसाठीच्या मोठ्या सांडपाणी प्रकल्पाचा अर्ज २०१८ मध्ये दाखल झाला. २०१९ मध्ये मिळालेली परवानगी पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने रद्द केली आणि पुन्हा मंजुरी मिळण्यास २०२५ उजाडले.